किंझुआचा पडलेला पूल: महाराष्ट्र मंडळांना खुले पत्र

प्रति,
पेनसिल्व्हेनिया, ओहायो, न्यू यॉर्क, न्यू जर्सी आणि मेरिलंड परिसरातल्या महाराष्ट्र मंडळांचे पदाधिकारी आणि सहल-समित्यांचे सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा, सासू-सासरे यायला लागले की आपल्या मंडळांमधून एक सहल हमखास निघते, ती नायगाऱ्याची. बस ठरते, पोहे-शिऱ्याची वाटणी होते, पिट्सबर्गकडून जाणारे बालाजीचं दर्शन घेऊन पुढे निघतात. नायगारा बघू नका असं कोण म्हणेल? पण त्याच सहलीत एक अर्धा दिवस काढून बफेलोच्या दक्षिणेला दोनेक तासांवर असलेल्या माउंट ज्युएट या छोट्या गावाजवळ थांबा, एवढी विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. तिथे किंझुआ खोऱ्यात रेल्वेचा एक प्रचंड उंच पूल होता. त्याचा निम्म्याहून अधिक भाग आज दरीत आडवा पडलेला आहे, आणि तो मुद्दाम तसाच ठेवलेला आहे.

माझं आयुष्य पुलांच्या तपासणीत गेलं. गंज खरवडायचा, पट्ट्या जोडणाऱ्या रिव्हेट नावाच्या खिळ्यांवर हातोडीने टकटक करून आवाज ऐकायचा, पायाशी उतरून बघायचं, असं हे काम. त्यामुळे मला या जागेची ओढ आहे, हे उघड आहे. पण हे पत्र इंजिनिअरांसाठी नाही. आपल्या मुलांना आणि आपल्याकडे येणाऱ्या ज्येष्ठांना या पुलाची गोष्ट कळावी असं मला मनापासून वाटतं.

गोष्ट कोळशापासून सुरू होते. थॉमस केन हा अमेरिकेच्या यादवी युद्धातला जनरल. त्याने याच डोंगराळ भागात केन नावाचं गाव वसवलं आणि पुढे कोळसा व रेल्वेच्या व्यवसायात पडला. खाणीतला कोळसा उत्तरेला न्यायचा तर मध्ये किंझुआ नाल्याची खोल दरी आडवी येत होती. दरीला वळसा घालायचा तर दुर्गम डोंगरातून आणखी सुमारे आठ मैल रूळ टाकावे लागणार होते. त्यापेक्षा सरळ दरीवरूनच गाडी न्यायची असं ठरलं. आराखड्यामागे माणसं दोन, अडॉल्फस बोन्झानो आणि ऑक्टेव्ह शनूट.

शनूटबद्दल थोडं थांबून सांगते, कारण विमानांचं वेड असलेलं एखादं मूल प्रत्येक बसमध्ये असतंच. हा रेल्वेचा इंजिनिअर पुढे उडण्याच्या ध्यासाने झपाटला. पुलाच्या ट्रसमध्ये, म्हणजे दांड्यांच्या त्रिकोणी सांगाड्यात, उभ्या दांड्या आणि तिरप्या ताणलेल्या सळया घालून जी बळकटी आणतात, तीच रचना त्याने १८९६ साली आपल्या ग्लायडरच्या वर-खाली असलेल्या दोन पंखांमध्ये वापरली. राइट बंधूंचा त्याच्याशी भरपूर पत्रव्यवहार होता, आणि त्यांच्या विमानाच्या पंखांची बांधणी याच रचनेवर बेतलेली होती. किंझुआ पुलाचा आराखडा ज्या डोक्यातून निघाला, त्याच डोक्याने विमानाच्या जन्मालाही हातभार लावला. मुलांना हे सांगून बघा, त्यांचे डोळे मोठे होतात.

पूल १८८२ साली उभा राहिला. कामाचे दिवस अवघे ९४, आणि माणसं चाळीसच्या आसपास. उंची ३०१ फूट, लांबी २,०५३ फूट. चौथऱ्यासकट लिबर्टीचा पुतळा ३०५ फूट आहे, म्हणजे उंचीचा अंदाज येईल. त्या वेळी जगात याहून उंच रेल्वे पूल नव्हता. दरीतून परांची उभारायची म्हटली तर फार वेळ गेला असता. म्हणून पहिला मनोरा उभा करायला एक उंच खांब आणि कप्पी वापरली, मग त्या मनोऱ्याच्या माथ्यावर क्रेन चढवली आणि तिने पुढचा मनोरा उभारला. असे एकामागून एक वीस मनोरे झाले. पायासाठीचा वालुकाश्म त्याच दरीच्या उतारावरून काढला. सगळं लोखंड घडीव होतं, वजन सुमारे ३१ लाख पौंड. पूल पुरा झाल्याबरोबर बफेलो आणि पिट्सबर्गहून तो बघायला लोकांच्या खास गाड्या यायला लागल्या. म्हणजे आपली सहल तिथे गेली तर ती काही नवीन रीत होणार नाही. दोन वर्षांनी फ्रान्समध्ये आयफेलच्या कंपनीचा गाराबीचा पूल झाला आणि सर्वांत उंच हा मान तिकडे गेला.

मात्र हा पूल हलायचा. गाडी वर आली की थरथर इतकी व्हायची की वेगाची मर्यादा ताशी पाच मैलांवर ठेवावी लागली. माणूस भरभर चालला तर जवळपास बरोबरीने जाईल. शिवाय इंजिनं दर वर्षी जड होत चालली होती. दहा-अकरा वर्षांत त्यांचं वजन दुपटीच्या जवळ पोहोचलं. तेव्हा १९०० सालच्या मे महिन्यात पूल बंद करून सगळा सांगाडा नव्याने, पोलादात बांधायला घेतला. शंभर-दीडशे माणसं रोज दहा तास खपत होती. जुना मनोरा उतरवायचा, नवा चढवायचा, पुढे सरकायचं. सप्टेंबरअखेर गाड्या पुन्हा धावू लागल्या. नव्या पुलाचं वजन सुमारे ६७ लाख पौंड, जुन्याच्या दुपटीहून जास्त.

आता इथे लक्ष द्या. वरचं सगळं बदललं, पण पायात रोवलेले जुने बोल्ट काढले नाहीत. १८८२ चे ते लोखंडी बोल्ट दगडी पायात घट्ट बसलेले होते. त्यांना वरून कॉलर, म्हणजे जोडणीच्या कड्या, लावून लांबी वाढवली आणि नव्या पोलादी मनोऱ्यांचे पाय त्यांवर आवळले. त्या काळाच्या हिशेबाने हा निर्णय वेडेपणाचा नव्हता. पाया चांगला होता, बोल्ट धड होते, आणि ते उखडायचे तर पाया फोडावा लागला असता. मी त्या जागी असते तर वेगळं काही केलं असतं असं छातीठोकपणे म्हणवत नाही.

त्यानंतर पूल जवळजवळ साठ वर्षं मालगाड्या पेलत राहिला. १९५९ मध्ये वाहतूक थांबली आणि रेल्वेने तो भंगारात विकला. विकत घेणारे निक कोवालचिक पेनसिल्व्हेनियातलेच मोठे भंगार व्यावसायिक होते. त्यांनी पूल जाऊन पाहिला आणि तोडायला नकार दिला. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत जास्त आदर या माणसाबद्दल वाटतो. पोलादाचा एवढा ढीग, तोही स्वतःच्या पैशाने घेतलेला, आणि तोडणं हाच ज्याचा धंदा, त्याने हात आवरला. पुढे स्थानिक लोकांनी मागणी लावून धरली, गव्हर्नर विल्यम स्क्रँटन यांनी १९६३ साली कायद्यावर सही केली आणि पुलाभोवती राज्याचं उद्यान झालं. १९७७ मध्ये पुलाची राष्ट्रीय वारसा यादीत नोंद झाली. १९८७ पासून हौशी प्रवाशांची गाडी पुन्हा त्यावरून जाऊ लागली. ज्यांनी त्या काळी त्या गाडीतून प्रवास केला असे काही मराठी लोक आपल्यातही असतील. त्यांनी ते लिहून ठेवावं.

मग २००२ सालच्या तपासणीत काही ठिकाणी पोलाद गंजून आरपार गेलेलं सापडलं. जूनमध्ये गाड्या बंद झाल्या. चालणाऱ्यांना तेवढी परवानगी राहिली. पण जोराच्या वाऱ्यात पुलाचा तोल एका बाजूला जाऊ शकतो असं इंजिनिअरांच्या हिशेबात आलं आणि ऑगस्टमध्ये चालणंही बंद केलं. लोक नाराज झाले असणार. सगळ्या गावाचं पर्यटन त्या एका पुलावर. तरीही बंद म्हणजे बंद. २००३ च्या फेब्रुवारीत दुरुस्ती सुरू झाली.

आणि २१ जुलै २००३ ला दुपारी सव्वातीनच्या सुमारास टोर्नेडो, म्हणजे गरगर फिरणारं अरुंद वादळ, दरीतून गेलं. अमेरिकेतल्या मोजणीत एफ-१, म्हणजे फार मोठं नव्हे. तीस सेकंदांच्या आत वीसपैकी अकरा मनोरे कोसळले. कोणाचा जीव गेला नाही.

हे शेवटचं वाक्य माझ्या दृष्टीने या पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं आहे. भर उन्हाळ्यातली दुपार होती. आदल्या उन्हाळ्यात तो निर्णय झाला नसता तर पुलावर माणसं असती, लेकरं असती, कदाचित गाडीही असती.

पूल का पडला याची राज्याने रीतसर चौकशी करून घेतली आणि कारण लोकांसमोर ठेवलं. ते समजायला इंजिनिअर असायची गरज नाही. असा मनोरा वर अरुंद आणि खाली पाय फाकवून उभा असतो. गाडीचं वजन सरळ खाली येतं, त्याची चिंता नसते. पण वारा आडवा ढकलतो, तेव्हा पलीकडचे पाय जमिनीत दाबले जातात आणि अलीकडचे पाय वर उचलले जायला बघतात. त्यांना खाली धरून ठेवतात ते फक्त पायातले बोल्ट. किंझुआचे ते बोल्ट म्हणजे १८८२ चे, कॉलर लावून वाढवलेले, एकशे वीस वर्षांच्या पावसा-बर्फात गंजलेले. वादळात पूल चार-पाच वेळा आडवा झुलला आणि पायाशी ते तुटले. वरचे मनोरे हवेत मोडले नाहीत. ते अखंड उन्मळून पडले, मोडतोड झाली ती जमिनीवर आदळल्यावर. ज्या भागाकडे बघायला सगळे मान वर करत होते तो शेवटपर्यंत शाबूत होता.

आज तिथे गेलात की हे सगळं डोळ्यांनी वाचता येतं, आणि म्हणून मी एवढा आग्रह धरते आहे. पडलेले मनोरे एकाच दिशेला नाहीत. मधले दोन, दहावा आणि अकरावा, सर्वांत आधी पश्चिमेकडे गेले. बारावा, तेरावा आणि चौदावा तर वाऱ्याने पायावरून उचलले, किंचित सरकवले आणि परत उभेच ठेवले. काही क्षण ते केवळ वरच्या रुळांच्या आधाराने उभे होते. तेवढ्यात चौथ्यापासून नवव्यापर्यंतचे सहा मनोरे पिळवटत पश्चिमेला कोसळले, आणि वादळ उत्तरेला सरकल्यावर मागून आलेल्या वाऱ्याने ते तीन अधांतरी मनोरे उत्तरेला, उलट्या दिशेने पिळत आडवे झाले. वरून बघताना मुलांना सांगा, कोणता मनोरा कुणीकडे पडलाय ते ओळखा, आणि वारा कसा फिरला असेल ते तुम्हीच शोधा. कुठल्याही पुस्तकात हा धडा इतका स्वच्छ नाही.

खाली दरीत उतरायलाही पायवाट आहे. ती उभ्या चढाची आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी जाऊ नये. पण दहा-बारा वर्षांवरची मुलं आणि तरुण मंडळींनी जरूर उतरावं. खालून पाहिलं की पोलादाचे जाडजूड खांब कागदासारखे दुमडलेले दिसतात, रिव्हेटच्या रांगा मात्र तशाच सरळ. आणि रिकामे राहिलेले दगडी पाये बघा, लोक त्यांच्याकडे न बघताच पुढे जातात. पुलाची उंची कितीही असो, गोष्ट इथे संपली.

नव्याने पूल बांधायचा तर सुमारे साडेचार कोटी डॉलर लागतील असा अंदाज होता. राज्याने तो विचार सोडला. मग तीन मार्ग होते. सगळं उचलून भंगारात घालायचं, कुंपण घालून विसरून जायचं, किंवा पडलेलं पडलेलं म्हणून लोकांना दाखवायचं. त्यांनी तिसरा मार्ग घेतला. एका टोकाला शिल्लक राहिलेले सहा मनोरे दुरुस्त करून त्यांच्यावर ६२४ फूट लांबीची चालण्याची वाट केली आणि सप्टेंबर २०११ मध्ये ती खुली केली. वाटेवर जुने रूळ ठेवले आहेत. शेवटच्या टोकाला जमीन २२५ फूट खाली, आणि पायाखाली काचेच्या लाद्या बसवलेल्या आहेत, त्यांतून थेट दरी दिसते. पलीकडच्या टोकाला आणखी तीन मनोरे तसेच उभे आहेत, आणि मध्ये अकरांची पोकळी. २०१६ मध्ये माहिती-केंद्र झालं. पुलाची सारी जन्मकथा आणि पडण्याची कथा तिथे साध्या भाषेत मांडली आहे.

आपल्या सहलींमध्ये इतिहास म्हटला की फिलाडेल्फियाची घंटा आणि गेटिसबर्ग. दोन्ही मोलाची ठिकाणं. पण तिथे आपण यशाच्या आणि पराक्रमाच्या गोष्टी ऐकतो. एखादी मोठी गोष्ट बिघडली, ती का बिघडली ते शोधलं, आणि ते शोधलेलं लपवलं नाही, असं ठिकाण मुलांना दाखवायला क्वचित मिळतं. आपली बहुतेक मुलं पुढे विज्ञान, तंत्रज्ञान, वैद्यक यांतच जातात. त्यांना रोज मार्कांच्या आणि बक्षिसांच्या गोष्टी ऐकवणारे आपण, एक दिवस त्यांना या दरीच्या काठावर उभं करावं असं मला फार वाटतं.

माझ्या मनात आणखी एक कारण आहे, तेही सांगून टाकते. मी मूळची महाडची. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं अंधारात त्या भगदाडात गेली. त्या रात्री मी इथे फोन हातात धरून बसले होते, गावातलं कोण कुठे आहे ते विचारत. नवा पूल वर्षाच्या आत झाला, वाहतूक सुरू झाली, ते व्हायलाच हवं होतं. दोन्ही पूल वेगळे, एकाला वाऱ्याने पाडलं, दुसऱ्याला पाण्याने. पण किंझुआला गेले की दर वेळी मला त्या एसटीतली माणसं आठवतात, आणि एक उन्हाळा आधी पूल बंद करण्याची सही ज्याने केली त्या अनोळखी अधिकाऱ्याचे आभार मानावेसे वाटतात. आपल्यातले कितीतरी जण इथे आणि भारतात अशाच सह्या करण्याच्या जागी आहेत.

तर माझ्या मागण्या थोड्या आहेत. नायगाऱ्याच्या किंवा शरद ऋतूतल्या रंगांच्या सहलीत एक दुपार किंझुआसाठी राखून ठेवा. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा उत्तम, तो सगळा डोंगर मेपलच्या झाडांनी लाल-पिवळा झालेला असतो. प्रत्येक मंडळात निदान एखादा तरी सिव्हिल किंवा मेकॅनिकल इंजिनिअर असतोच. त्याला बसमध्ये माइक द्या आणि अर्धा तास मराठीत बोलू द्या. गाणी-भेंड्या परतीच्या वाटेवर होतील. ज्या मंडळांच्या मराठी शाळा चालतात, त्यांनी मोठ्या वर्गातल्या मुलांना तिथून आल्यावर एक पान लिहायला सांगावं. पूल, पाया, गंज, मनोरा, तोल हे शब्द मुलांच्या तोंडी आपोआप येतील, जे ‘माझी शाळा’ या विषयावर लिहून येत नाहीत.

ज्येष्ठांची काळजी करू नका. वाट सपाट आहे, चाकाची खुर्ची सहज जाते, कठडे मजबूत आहेत. राज्याचं उद्यान असल्यामुळे प्रवेशाला पैसे पडत नाहीत. उंचीची भीती वाटणाऱ्यांनी काचेपर्यंत जायची सक्ती नाही. अलीकडच्या बाजूने दिसणारं दृश्यही पुरेसं आहे.

एक सूचना बसचालकासाठी. नकाशात नुसतं किंझुआ असं टाकलं तर तो तुम्हाला किंझुआ धरणावर नेऊन सोडेल. ते धरण वेगळं, अ‍ॅलेगेनी नदीवरचं, आणि त्याच्या पाण्याखाली गेलेल्या सेनेका या मूळनिवासी लोकांच्या जमिनीची कहाणी स्वतंत्रपणे समजून घेण्यासारखी आहे. आपल्याला जायचंय किंझुआ ब्रिज स्टेट पार्कला, माउंट ज्युएटच्या उत्तरेला. डोंगरात मोबाइलची रेंज जाते-येते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा.

ज्या मंडळाला माहिती हवी असेल त्यांनी आपल्या समितीमार्फत विचारावं. मी बरोबर यायला तयार आहे, माझा खर्च मी करेन. बसमध्ये बोलण्यासाठी पुलाच्या आकृत्या मी मराठी नावं घालून तयार ठेवल्या आहेत, त्या कोणालाही पाठवेन. वर वारा सतत असतो, तेव्हा सहलीच्या सूचनांमध्ये आजी-आजोबांच्या स्वेटर-मफलरचा उल्लेख विसरू नका.

आपली,
पुलांच्या तपासणीतून निवृत्त झालेली, पश्चिम पेनसिल्व्हेनियातली एक सभासद